पडद्यामागचा दिवा

घरातला दिवा गेला म्हणजे आपण प्रथम खिडकीतून डोकावतो आणि शेजाऱ्याकडे उजेड आहे की नाही ते पाहतो. तिकडेही अंधार असेल तर दोष बाहेरचा. तिकडे उजेड असेल तर दोष आपल्या घरातला. मग आपण फ्यूज पाहतो, नंतर बटण आणि शेवटी दिवा. यंत्रदुरुस्तीचे सारे शास्त्र या साध्या रीतीत सामावलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु संगणकाचा पडदा काळा झाला की ही रीत आपण पार विसरतो आणि “मॉनिटर गेला” असा निकाल देऊन मोकळे होतो.

गतवर्षी आमच्या शाळेच्या संगणककक्षातील चार मॉनिटर असेच ‘गेलेले’ ठरून अडगळीच्या खोलीत पडले होते. एकेका संगणकापुढे तिघे-तिघे विद्यार्थी दाटीने बसत होते आणि सोमवारी भंगारवाला यावयाचा होता. आम्ही विज्ञानमंडळाच्या पाच सभासदांनी मुख्याध्यापकांकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्यांनी ती एका अटीवर दिली. विज्ञानशिक्षक आणि एक जाणता कारागीर जवळ असल्यावाचून एकाही संचाचे झाकण उघडावयाचे नाही, ही ती अट. गावात पूर्वी रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना सारे काका म्हणतात. ते आनंदाने आले. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, चपट्या पडद्याचा मॉनिटर चित्र दाखवितो खरा, पण त्या चित्राला स्वतःचा प्रकाश नसतो. १८८८ साली फ्रीड्रिख राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकाचे गुण दाखविणारा एक विलक्षण पदार्थ आढळला. अशाच द्रवस्फटिकांचा पातळ थर दोन काचांमध्ये कोंडून हा पडदा बनवितात. थराचा प्रत्येक सूक्ष्म ठिपका एखाद्या झडपेसारखा वागतो. विजेच्या इशाऱ्याप्रमाणे तो प्रकाशाला वाट देतो किंवा अडवितो. मात्र झडप उघडली तरी पलीकडे उजेड असल्याशिवाय काय दिसणार? तो उजेड पडद्याच्या मागे बसविलेला दिवा पुरवितो. हा दिवा विझला की चित्र तयार होत असूनही आपल्याला दिसत नाही.

म्हणून काकांनी पहिले हत्यार मागितले ते विजेरी! चारही संच त्यांनी एकेक करून चालू संगणकाला जोडले, खोलीत अंधार करविला आणि विजेरीचा झोत काळ्या पडद्यावर तिरका धरला. दोन संचांवर आम्हांस अंधुक चित्र दिसले. त्यात अक्षरे होती, खिडक्या होत्या, इतकेच नव्हे तर माऊसचा बाणही हलत होता. ज्याअर्थी चित्र तयार होत होते, त्याअर्थी मूळ वीजपुरवठा आणि चित्र रचणारी पाटी ही दोन्ही शाबूत होती. दोष एकट्या दिव्याच्या शाखेत होता. एक पैसा खर्च न करता आणि एकही स्क्रू न काढता निम्मा शोध पुरा झाला.

उरलेल्या दोन संचांपैकी एकाचा दर्शक दिवा एकसारखा लुकलुकत होता, तर दुसऱ्याचा मुळीच लागत नव्हता. ही दोन्ही लक्षणे वीजपुरवठ्याच्या दोषाची होत. येथे सांगणे अवश्य आहे की, या परीक्षेपूर्वी काकांनी प्रत्येक संचाची तार बदलून पाहिली, भिंतीतील बटण तपासले आणि उजेड कमी-जास्त करण्याची कळही पाहिली. कित्येक ‘गेलेले’ मॉनिटर एवढ्यावरच परत येतात, असे ते म्हणाले.

आता वीजपुरवठ्याकडे वळू. भिंतीतून येणारा प्रवाह २३० व्होल्टचा आणि दिशा बदलणारा असतो. फ्यूजमधून आत आल्यावर चार डायोडांच्या जोडणीतून त्याला एकाच दिशेने वाहावयास लावतात आणि तो एका मोठ्या धारित्रात साठतो. कारागीर ज्याला कपॅसिटर म्हणतात तेच हे धारित्र. २३० व्होल्टच्या प्रवाहाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, म्हणून धारित्रावरही तितकाच दाब चढतो. पुढे एक इलेक्ट्रॉनिक खटका हा दाब सेकंदास हजारो वेळा उघडझाप करून लहानशा रोहित्रात सोडतो. उघडझाप इतकी जलद असल्यामुळे काड्यापेटीएवढे रोहित्रही पुरते. त्यातून बाहेर पडणारा कमी दाबाचा प्रवाह पुन्हा एकदिश करून धारित्रांनी सपाट करतात आणि मग पाच, बारा किंवा अशाच काही व्होल्टनी चित्राची पाटी व दिवा ही दोन्ही चालतात.

मोठ्या धारित्राबद्दल काकांनी आम्हांस जो धडा दिला तो आम्ही जन्मभर विसरणार नाही. पूर्ण बंद पडलेल्या संचाची तपासणी करून त्यांनी त्याची तार भिंतीतून काढली. तीन मिनिटे होऊन गेली होती. आमच्यातील एकजण पाटी उचलावयास सरसावला, तोच काका कडाडले, “हात मागे!” त्यांनी मीटरची टोके धारित्राच्या दोन पायांना लावली. मीटरने २८० व्होल्ट दाखविले! चालू संच बंद केला तर त्यातील मंडळे साठलेली वीज लवकर ओढून घेतात; पण ज्या संचातील खटकाच चालत नाही, त्यात ती जागच्या जागी दबा धरून बसते. तेव्हा मेल्यासारखा दिसणारा संच अधिक घातक असू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रावर ३२५ व्होल्ट असले तर त्यात पाच जूलहून अधिक ऊर्जा असते. तो धक्का हाताला मागे फेकतो आणि दैव फिरले तर प्राणही घेतो. काकांनी दोन हजार ओहमांचा, दहा वॅटचा रोधक वेष्टित चिमट्यांनी धारित्राला जोडून ते रिकामे केले आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आम्हांस जवळ येऊ दिले. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची रीत त्यांनी सक्त वर्ज्य सांगितली, कारण तिने धारित्र, पाटी आणि डोळे या तिन्हींना अपाय संभवतो. वीज चालू असताना करावयाची मापे त्यांनी स्वतःच घेतली. तेही रबराच्या चटईवर उभे राहून आणि एक हात खिशात ठेवून, म्हणजे प्रवाहाला एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जाण्यास वाटच राहू नये!

लुकलुकणाऱ्या संचाचे निदान डोळ्यांनीच झाले. कमी दाबाच्या बाजूच्या दोन धारित्रांची डोकी टम्म फुगली होती. या धारित्रांत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि विद्युद्वाहक द्रावणात भिजविलेला कागद यांची गुंडाळी असते. उष्णतेने ते द्रावण हळूहळू सुकते, आत वायू होतो, आणि डोक्यावरील खाचा फुगून फाटतात. सुकलेले धारित्र मीटरला फसवू शकते. भार नसताना दाब बरोबर दिसतो, पण दिवा पेटावयास गेला की तो कोसळतो. संरक्षक मंडळ सारे बंद करते, पुन्हा प्रयत्न होतो, पुन्हा कोसळतो. दर्शकाचे लुकलुकणे ते हेच. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष द्रावणाची धारित्रे जगभरच्या संगणकयंत्रांत गेल्यामुळे असंख्य यंत्रे अकाली बंद पडली होती.

नवे धारित्र निवडताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्यावा. व्होल्टचा आकडा तितकाच किंवा अधिक असावा, कमी कदापि नसावा. १०५ अंश सेल्सिअसचा आणि अल्प अंतर्गत रोधाचा प्रकार मागावा. उणे टोकाचा पट्टा पाटीवरील खुणेशी जुळवावा; उलटे बसविलेले धारित्र फुटते. उष्णतेचा नियमही स्मरणात ठेवावा. तापमान १० अंशांनी उतरले की धारित्राचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांवर ३२,००० तास टिकू शकते. मॉनिटरच्या पाठीवरील झरोक्यांवर पुस्तके किंवा कापड ठेवू नये असे का सांगतात, ते यावरून उमगेल. आमच्या दोन धारित्रांस एका वहीच्या किमतीएवढा खर्च आला. जुनी काढून नवी डाख देऊन बसविली आणि संच प्रसन्नपणे उजळला.

पूर्ण बंद असलेल्या संचाचा फ्यूज मात्र शाबूत निघाला आणि मोठ्या धारित्रावर तर पूर्ण दाब होता, हे वर आलेच आहे. अर्थात वीज तेथवर पोहोचत होती. अडत होती ती पुढे. खटक्याला चालविणाऱ्या चकतीला पहिला घोट वीज एका मोठ्या मूल्याच्या रोधकातून मिळते. तो रोधक तुटला होता. एका क्षुद्र रोधकावाचून अवघा संच मुका झाला होता! नवा बसविताच तो बोलू लागला. फ्यूज उडालेला असता तर काय केले असते, असे आम्ही विचारले. काका म्हणाले, “पोरांनो, फ्यूज हा पहारेकरी आहे. तो पडला तर आधी चोर शोधावा, लगेच दुसरा पहारेकरी उभा करू नये.” डायोड किंवा खटका आतून जुळून गेला असेल तर नवा फ्यूजही तत्काळ उडतो. म्हणून दुरुस्तीनंतर प्रथम संच सिरीज बोर्डावर लावतात. संचाच्या वाटेत तारेचा साधा बल्ब जोडलेला असतो. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर दोष अजून आतच आहे, असे समजावे.

उरले दिव्याच्या शाखेचे दोन संच. २०१० च्या सुमारापर्यंतच्या बहुतेक मॉनिटरांत उदबत्तीच्या काडीएवढ्या बारीक काचनळ्या असत. त्या पेटविण्यास हजाराहून अधिक व्होल्ट लागतात, आणि तो दाब निर्माण करणारे निराळे मंडळ असते; त्याला इन्व्हर्टर म्हणतात. एक जरी नळी थकली तरी हे मंडळ धोका ओळखून एक-दोन सेकंदांत सर्व नळ्या विझविते. चित्र क्षणभर येऊन नाहीसे होते ते यामुळेच. अलीकडच्या मॉनिटरांत नळ्यांच्या जागी प्रकाशदायी डायोडांच्या, म्हणजेच एलईडींच्या, पट्ट्या असतात. ते डायोड माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असल्याने एक मणी तुटला तर सारी माळ अंधारते. आमच्या नव्या संचात मात्र पट्टी ठीक होती. तिला वीज नेणाऱ्या जोडाचा डाख तडकला होता. भिंगातून पाहता त्याच्याभोवती केसाएवढे वर्तुळ दिसले. तो डाख नव्याने देताच पडदा उजळला.

चौथ्या संचाची कथा सांगावयास संकोच वाटतो. त्याच्या एका नळीचे टोक काळवंडले होते, तेव्हा ती नळी बदलली की काम झाले असते. तीन यशांनी आम्ही हुरळलो होतो. काका चहा घेत असताना आमच्यातील दोघांनी नळी ओढून काढावयाचा प्रयत्न केला आणि ती मोडली. नळीत अल्प प्रमाणात पारा असतो. शिक्षकांनी आम्हांस तत्काळ बाहेर काढले, खिडक्या उघडल्या, काही वेळाने तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने आणि चिकटपट्टीने उचलले आणि झाकणाच्या बरणीत बंद केले. ती बरणी आणि तो संच इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे गेली. दोष शोधण्यास आम्हांस चार दिवस लागले होते. संच गमावण्यास चार क्षणही पुरले.

आज तीन मॉनिटर संगणककक्षात आहेत आणि पूर्वीइतकी दाटी होत नाही. चौथ्याची रिकामी जागा आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे. तिच्याकडे पाहिले म्हणजे काकांच्या दोन गोष्टी आठवतात: अंधार दिसला म्हणून दिवा मेला असे मानू नये, आणि वीज गेली असे दिसले म्हणून ती खरोखरच गेली असेही मानू नये. या दोहोंचा निवाडा अंदाजाने करावयाचा नसतो. तो विजेरीने, मीटरने आणि धीराने करावयाचा असतो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी काळा पडलेला पडदा असेल तर त्यांनी विजेरी अवश्य लावून पाहावी. झाकण उघडण्याचे काम मात्र जाणत्याच्या हाती सोपवावे आणि आपण शेजारी बसून डोळे उघडे ठेवून शिकावे.