बाटलीने दूध पिताना बाळ रडते, तेव्हा काय करावे?

वस्तीत घरभेटीला गेलो की बाळंतिणींकडून एक तक्रार हमखास कानावर येते. "ताई, बाटली तोंडाजवळ नेली की अंग ताठ करतं. दोन घोट घेतं, मान फिरवतं आणि रडायला लागतं. भूक तर लागलेली असते, मग पीत का नाही?" तोवर शेजारपाजारचे सल्लेही येऊन गेलेले असतात. निपलचे भोक मोठे कर. दुधात साखर घाल. नाक धरून पाज, आपोआप गिळेल. गुटी दे. कुणाची तरी नजर लागली, मीठ-मिरची उतरव. यांतला एकही उपाय बाळाच्या कामाचा नाही आणि काही तर जिवावर बेतणारे आहेत.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हट्ट करत नाही. त्याला बोलता येत नाही, म्हणून ते रडून आणि अंग ताठ करून सांगते की काहीतरी बिनसले आहे. काय बिनसले, ते नीट पाहिले तर बहुतेक वेळा घरातच सापडते. म्हणून जबरदस्ती थांबवा आणि कारण शोधा, एवढेच या वेळच्या पानावर सांगायचे आहे.

आईला दोष देऊ नका

पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, हे आम्ही नेहमी सांगतो आणि ते खरेच आहे. पण आपल्या वस्तीत बाटली का येते, हेही आम्हाला ठाऊक आहे. धुणीभांडी करणारी, साफसफाईला जाणारी, रोजंदारीवर राबणारी बाई दीड-दोन महिन्यांत कामावर परतते, कारण घरी बसले तर चूल पेटत नाही. बाळंतपणाची रजा हा बाईचा हक्क आहे, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात ठामपणे मांडली होती आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. पण चार घरची कामे करणाऱ्या बाईला ही रजा कोण देतो? त्यामुळे बाटली दिसली की "आईच आळशी" असे म्हणू नका. उलट, द्यायचेच असेल तर वरचे दूध सुरक्षित कसे द्यायचे, हे घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या.

बाळ बाटलीशी का झगडते?

अंगावर पिताना दुधाचा वेग बऱ्याच अंशी बाळाच्या हातात असतो. ते ओढते, गिळते, थांबते, श्वास घेते, पुन्हा ओढते. बाटली उलटी धरली की दूध आपल्या वजनानेच खाली येत राहते, बाळाने ओढले नाही तरी येते. तोंड दुधाने भरते, गिळावे की श्वास घ्यावा हे त्याला जमत नाही, आणि ते घाबरून बाटली ढकलते. आपल्याला वाटते, पीत नाही. खरे तर त्याला दम घ्यायचा असतो.

दूध फार वेगाने येत असेल तर ओठांच्या कडेने ओघळते, बाळ घटाघटा गिळते, ठसका लागतो, डोळे विस्फारतात, हाताची बोटे ताणली जातात. बाटली उलटी करून पाहा. दूध थेंब थेंब पडायला हवे, साधारण सेकंदाला एक. धार लागत असेल तर ते निपल या वयासाठी नाही. सुई तापवून भोक मोठे करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद करा. त्याने दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. जुने, चिकट झालेले, फाटलेले निपल टाकून द्या.

दूध फार हळू येत असेल तर बाळ खूप वेळ ओढते, चिडते, थकून झोपते आणि अर्ध्या तासात पुन्हा रडते. निपल आतल्या आत चपटे होत असेल तर बाटलीचे झाकण किंचित सैल करा, हवा आत जाऊ द्या. भोकात पावडरची गुठळी अडकली आहे का, तेही पाहा.

नाक चोंदलेले असेल तर बाळाला पिता येत नाही, कारण तोंड निपलने भरलेले असते आणि श्वास नाकानेच घ्यायचा असतो. दवाखान्यातून मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब घ्या आणि पाजण्याआधी घाला. नाकात तेल घालू नका.

तोंड दुखत असेल तर दोन घोट घेऊन बाळ किंचाळते. जीभ आणि गालाची आतली बाजू पाहा. दह्यासारखे पांढरे चट्टे असतील आणि ओल्या फडक्याने पुसूनही निघत नसतील, तर ती बुरशी आहे. औषधाने बरी होते. दाखवून या.

पोट भरले असेल तर बाळ मान वळवते, ओठ मिटते, मुठी सैल सोडते. बाटलीत उरलेले २० मिली "वाया जातं" म्हणून कोंबू नका. बाळ पूर्ण वरच्या दुधावर असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागते. म्हणजे ४ किलोच्या बाळाला दिवस-रात्र मिळून ६०० मिली, आठ वेळा विभागले तर प्रत्येक वेळी ७५ मिली. हा अंदाज आहे. एका वेळी ५० पिईल, दुसऱ्या वेळी ९०.

फार भूक लागली असेल तर सुद्धा बाळ नीट पीत नाही. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी ते ओठ चाटते, मूठ तोंडात घालते, मान इकडे-तिकडे फिरवून शोधते. तेव्हाच पाजायला घ्या. रडायला लागलेच असेल तर आधी खांद्यावर घेऊन शांत करा, मग बाटली लावा.

पाजायचे कसे?

बाळाला खाटेवर आडवे टाकून पाजू नका. दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि कानालाही त्रास होतो. मांडीवर अर्धवट बसते करा. डोके पोटापेक्षा वर आणि मानेला हाताचा आधार. बाटली जवळजवळ आडवी धरा, निपलच्या टोकात दूध राहील एवढीच तिरकी. निपल ओठांना लावून थांबा. बाळाने स्वतः तोंड उघडले की आत जाऊ द्या. चार-पाच घोट झाले की बाटली थोडी खाली करा. निपल तोंडातच राहील, पण दूध मागे जाईल आणि बाळाला दम घेता येईल. ते पुन्हा ओढू लागले की बाटली वर करा. मध्ये एकदा आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढा.

अशा रीतीने १५ ते २० मिनिटे लागतात, तेवढी द्या. उशीला बाटली टेकवून बाळाला एकटे सोडून कामाला लागू नका. आईच्या हातून बाटली घेत नसेल तर वडिलांनी किंवा आजीने देऊन पाहावी. आईच्या अंगाचा वास आला की बाळाला अंगावरचेच दूध हवे असते.

पातळ दूध, उपाशी बाळ

आता सर्वांत महत्त्वाचे. पावडरचा डबा महाग असतो. तो पुरवायचा म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा चमचा घातला जातो. बाटली भरलेली दिसते, बाळ पिते, पण पोटात नुसते पाणी जाते. असे बाळ सतत किरकिर करते, वजन वाढत नाही, आणि आपण म्हणतो, "बाळच रडवं आहे." बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला डब्यातला एक सपाट चमचा असे माप असते. तुमच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. माप कमीही नको आणि जास्तही नको. घट्ट दुधाने बाळाला त्रास होतो.

पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच वापरा. आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला. पावडरमध्येही जंतू असू शकतात, ते गरम पाण्याने मरतात. मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. केलेले दूध २ तासांच्या आत संपवा. उरलेले पुढच्या वेळी देऊ नका. बाटली, निपल आणि झाकण सुटे करून साबण व ब्रशने घासा, पाण्यात पूर्ण बुडवून खळखळ १० मिनिटे उकळा. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत हे दिवसातून आठ वेळा करणे किती अवघड आहे, ते आम्ही पाहतो. वस्तीतल्या बाळांच्या जुलाबांचे एक मोठे कारण ही बाटलीच आहे.

साखर, मध, बिस्किटाचा चुरा, गुटी, ग्राईप वॉटर यातले काहीही ६ महिन्यांआधी देऊ नका. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो.

बाटलीपेक्षा बोंडले बरे

म्हणूनच बाळ बाटलीशी झगडत असेल तर बाटलीच हवी असा आग्रह धरू नका. वाटी-चमचा आहे, बोंडले आहे. चोच असलेली ही छोटी वाटी पूर्वी घरोघर असायची, आजही सरकारी रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना अशाच वाटीने पाजतात. तिला फटी नाहीत, भोके नाहीत, धुवायला आणि उकळायला सोपी. बाळाला बसते करून चोच खालच्या ओठाला लावा, थोडे दूध आत जाऊ द्या, गिळले की पुढचे. ओतू नका.

वाटीत आईचेच दूध असेल तर उत्तम. कामाला जाण्याआधी हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवा. सावलीच्या गार जागी ते ४ तास टिकते, फ्रिजमध्ये २४ तास. मे महिन्यात पत्र्याखाली मात्र लवकरात लवकर संपवा. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर चढवू नका. घरी आल्यावर आणि रात्री अंगावर पाजत राहा. जितके पाजाल तितके दूध येते. अंगावरचे कमी झाले असेल तरी वारंवार छातीला लावून ते पुन्हा वाढू शकते.

एक गोष्ट कायद्याचीही. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरची आणि बाटलीची जाहिरात करायला, आईला फुकट नमुना द्यायला बंदी आहे. कुणी सहज डबा हातात ठेवला तर "का?" असे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

सगळेच रडणे भुकेचे नसते

पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे रडणे वाढत जाते, दीड महिन्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत कमी होते. संध्याकाळी जास्त रडणे नेहमीचेच. दर वेळी बाटली लावू नका. दुपटे ओले आहे का, उकडते आहे का, ढेकर अडकला आहे का, हे पाहा. छातीशी धरून फेऱ्या मारा. बाळाला दिवसात ६ किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन अंगणवाडीत करून घ्या.

आई दमली, संतापली तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून पाच मिनिटे बाहेर जाऊन या. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते. आणि घरातल्या पुरुषांना सांगणे आहे: बाटली उकळणे, ढेकर काढणे, रात्री बाळ फिरवणे ही तुमचीही कामे आहेत. आई सतत रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या.

वाट पाहू नका

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा:

- बाळ अजिबात दूध घेत नाही किंवा ओढण्याची ताकदच नाही
- पिताना ओठ निळे पडतात
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते
- झटके येतात, किंवा हलवल्याशिवाय बाळ हालचाल करत नाही
- दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आहे किंवा अंग गार पडले आहे
- हिरवी उलटी होते, शौचात रक्त आहे
- टाळू खोल गेली आहे, लघवी खूप कमी झाली आहे

पिताना कपाळाला घाम येऊन बाळ दर वेळी दमत असेल, पाजायला नेहमीच अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, दूध नाकातून बाहेर येत असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा किंवा टाळ्याचा जन्मजात दोष असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत आशाताईंनी ठरलेल्या दिवशी घरी येऊन पाहायचे असते. त्या आल्या की बाळाला त्यांच्यासमोर पाजा, बाटली, निपल, मापाचा चमचा दाखवा. आल्या नाहीत तर बोलावून घ्या. पाजण्यातली चूक सांगून कळत नाही, समोर पाहिली की लगेच दिसते.