मोटारगाड्या, उच्च कार्यमानाच्या : विद्युत् व पेट्रोल

ज्या मोटारगाडीचा प्रवेग (वेग वाढण्याची त्वरा), कमाल वेग, वळणावरील स्थैर्य व गतिरोधकांची क्षमता ही सर्वसाधारण प्रवासी गाडीपेक्षा पुष्कळच अधिक असतात, तिला उच्च कार्यमानाची गाडी म्हणतात. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात अशी गाडी म्हणजे पेट्रोल एंजिनाचीच गाडी, असे गृहीत धरले जाई. तथापि ताशी १०० किमी.ची मर्यादा ओलांडणारे रस्त्यावरील पहिले वाहन विजेवर चालणारे होते. बेल्जियन चालक कामीय जेनात्झी यांनी २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळील आशेर येथे ‘ला जामे काँताँत’ (कधीही समाधानी नसलेली) या गाडीने ताशी १०५·८८ किमी. वेग गाठला. शिसे-अम्ल घटमालेचे वजन फार आणि तीत साठणारी ऊर्जा अल्प, यामुळे ही परंपरा पुढे खंडित झाली. लिथियम-आयन घट उपलब्ध झाल्यावर २००८ मध्ये टेस्ला कंपनीच्या ‘रोडस्टर’ गाडीने ती पुन्हा सुरू केली.

या दोन प्रकारांची तुलना बहुधा स्थिर अवस्थेपासून ताशी १०० किमी. वेग गाठण्यास लागणाऱ्या सेकंदांवरून करतात. पोर्श या जर्मन कंपनीच्या दोन गाड्यांचे उदाहरण घेतल्यास हे माप किती अपुरे आहे ते दिसून येते. २०१९ मधील ‘टायकान टर्बो एस’ ही विद्युत् गाडी हा वेग २·८ सेकंदांत गाठीत असे, तर २०२० मधील ‘९११ टर्बो एस’ ही पेट्रोल गाडी २·७ सेकंदांत. आकड्यांत फरक नाहीच म्हटले तरी चालेल. शिवाय टायकानची ७६१ अश्वशक्ती ही केवळ विशेष प्रारंभाच्या वेळी काही सेकंदांपुरतीच मिळत असे. एरवी ती ६२५ असे. दैनंदिन वाहतुकीत चालकाला लागतो तो ताशी २० ते ५० किंवा ४० ते ८० किमी. या टप्प्यांतील प्रवेग. पुढच्या ट्रकला ओलांडताना किंवा चौकातून बाहेर पडताना पायाखालची कळ दाबल्यापासून गाडी प्रत्यक्ष पुढे झेपावेपर्यंत किती वेळ जातो, यावर गाडी ‘वेगवान’ वाटणे अवलंबून असते, आणि येथे दोहोंतील भेद स्पष्ट होतो.

पेट्रोल एंजिन स्थिर अवस्थेत कोणतेही पीडन परिबल (अक्ष फिरविणारा जोर) देऊ शकत नाही. ते मिनिटाला सु. ७००–८०० फेऱ्यांवर स्वस्थ फिरत ठेवावे लागते आणि त्याची खरी शक्ती त्याहून कितीतरी अधिक फेऱ्यांवर प्रकट होते. ९११ टर्बो एसचे ८०० न्यूटन-मीटर हे कमाल पीडन परिबल मिनिटाला २,५०० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान मिळत असे. गाडी ताशी ४० किमी. वेगाने वरच्या गिअरमध्ये चाललेली असता चालकाने अचानक शक्ती मागितली, तर प्रथम गिअरपेटीला काही गिअर खाली यावे लागते, एंजिनाचे फेरे वाढावे लागतात आणि निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टर्बोचार्जरला गती येऊन हवा दाबली जावी लागते. हा विलंब सेकंदाचा काही अंशच असतो. परंतु चालकाला तो जाणवतो. विद्युत् चलित्रात ही साखळीच नाही. प्रवाह वेटोळ्यांत शिरताच चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन घूर्णकावर जोर पडतो, आणि हा जोर शून्य वेगापासून जवळजवळ पूर्ण असतो. वेग बराच वाढल्यावर मात्र चलित्रात उलट दिशेने उत्पन्न होणारा विद्युत् दाब प्रवाहाला विरोध करू लागतो व जोर घटतो. म्हणून बहुतेक विद्युत् गाड्यांना एकच गिअर पुरतो. टायकानला मागील आसावर दोन दिले होते, ते प्रारंभीचा प्रवेग व उच्च वेग ही दोन्ही साधण्यासाठी.

गतिरोधनाच्या बाबतीत विद्युत् गाडीची सरशी निर्विवाद आहे. तिचे चलित्र उलट कार्य करून जनित्र बनते आणि गाडीची गतिज ऊर्जा घटमालेत परत भरते. टायकानमध्ये नेहमीच्या वापरातील सु. ९० टक्के गतिरोधन घर्षणाच्या चकत्या न वापरता होते, असे पोर्शने म्हटले होते. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना सु. ५०० मी. उंची कमी होते. २,३०० किग्रॅ. वजनाच्या गाडीच्या बाबतीत ही स्थितिज ऊर्जा तीन किलोवॉट-तासांहून थोडी अधिक भरते. हवेच्या व टायरांच्या रोधात जाणारा भाग वजा करता उरलेल्या ऊर्जेपैकी बराचसा अंश घटमालेत परततो. पेट्रोल गाडीत तीच ऊर्जा एंजिनाच्या रोधात व गतिरोधकांच्या उष्णतेत नाहीशी होते.

अडखळत चालणाऱ्या शहरी रहदारीत पेट्रोल गाडीचे आणखी एक वैगुण्य उघडे पडते. चांगल्या पेट्रोल एंजिनाची औष्णिक कार्यक्षमता अनुकूल भारावर ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. पण सहाशे अश्वशक्तीचे एंजिन ताशी ३० किमी. वेगासाठी वापरले, की हवेचे द्वार जवळजवळ बंद असल्याने सिलिंडरात हवा ओढण्यातच शक्ती खर्ची पडते आणि कार्यक्षमता निम्म्याहूनही खाली येते. एंजिन जितके प्रबळ, तितका शहरात त्याचा अपव्यय अधिक. विद्युत् चलित्राची कार्यक्षमता अल्प भारावरही फारशी ढासळत नाही. अर्थात वीज कोळशापासून केली असल्यास धूर रस्त्यावर नसला तरी औष्णिक केंद्रावर असतोच.

महामार्गावर मात्र चित्र पालटते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी १०० ऐवजी १३० किमी. वेगाने गेल्यास तो सु. ७० टक्क्यांनी वाढतो. पेट्रोल गाडीलाही हा नियम चुकत नाही; परंतु १ लि. पेट्रोलमध्ये सु. ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. साठ लिटरांच्या टाकीत सु. ५३० किलोवॉट-तास होतात, आणि टायकान टर्बो एसच्या घटमालेत प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा ८३·७ किलोवॉट-तास होती. एंजिनाचा अपव्यय धरूनही पेट्रोल गाडीचा पल्ला सरस ठरतो व टाकी काही मिनिटांत भरते. टायकानची घटमाला २७० किलोवॉटच्या केंद्रावर ५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत येण्यास २२·५ मिनिटे लागत, आणि असे केंद्र वाटेत असले तरच. रोज ४०–५० किमी. फिरणाऱ्याला हा प्रश्न भेडसावत नाही, कारण घरच्या ११ किलोवॉटच्या जोडणीवर रात्रभरात गाडी पूर्ण भारित होते. मात्र ज्याला स्वतःची वाहनतळाची जागा व तेथे वीजजोडणी नाही, अशा सदनिकाधारकाच्या दृष्टीने विद्युत् गाडीचा हा सर्वांत मोठा दैनंदिन लाभ कागदावरच राहतो. निवड करताना सेकंदांपेक्षा हीच बाब आधी पाहणे इष्ट होय.

वजन हा दुसरा मोठा भेद. टायकान टर्बो एसचे वजन २,२९५ किग्रॅ. व ९११ टर्बो एसचे १,६४० किग्रॅ. होते, म्हणजे त्याच वेगाला पहिलीची गतिज ऊर्जा ४० टक्क्यांनी अधिक. घटमाला तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो व वळणावर गाडी कलत नाही, पण जडत्व लपत नाही. टायरांची झीज वाढते, आणि लागोपाठच्या वळणांत हलक्या गाडीची चपळता जड गाडीला साधत नाही.

निःशब्दता ही शहरात सुखावह असली, तरी पादचाऱ्याला धोक्याची आहे, विशेषतः दृष्टिहीनांना. म्हणून यूरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ पासून सर्वच नव्या विद्युत् गाड्यांना ताशी २० किमी.पर्यंतच्या वेगात कृत्रिम ध्वनी सक्तीचा केला. चालकाच्या बाजूनेही आवाजाची उणीव भासते, कारण एंजिनाच्या आवाजावरून व गिअरच्या धक्क्यावरून त्याला वेगाचा अंदाज येत असतो. ह्युंदाई कंपनीने २०२३ मध्ये ‘आयोनिक ५ एन’ या विद्युत् गाडीत ध्वनिवर्धकांतून एंजिनासारखा आवाज काढण्याची व नसलेले गिअर बदलल्याचा भास देण्याची सोय केली. याउलट २०२४ मधील ‘९११ कॅरेरा जीटीएस’ या गाडीत पोर्शने टर्बोचार्जरमध्ये एक आणि गिअरपेटीत एक असे विद्युत् चलित्र बसविले. त्यांतील पहिले टर्बोचार्जर तत्काळ फिरविते व दुसरे कमी फेऱ्यांवर एंजिनाच्या जोडीला जोर देते.