खळ्यावरचा हक्क

अकोला-अमरावतीकडे तुरीची मळणी सुरू झाली की आम्हा शेतकऱ्यांच्या घरांत एकच हिशेब चालतो: भाव काय, माल बाजार समितीत कधी न्यायचा. गरिबाचा वाटा त्या हिशेबात येत नाही. रमजानमध्ये आम्ही जकात काढतो. शेतमालावरचा उश्र मात्र विसरतो.

पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या जमिनीवर त्यांना आसरा दिला, विहिरी खोदल्या, शेती पिकवली. रमाबाई ख्रिस्ती होत्या. पण पिकात भुकेल्याचा वाटा असतो, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्याकडे तर तो हक्कच आहे, आणि तो कापणीच्या दिवशीच द्यावा, अशी कुरआनची शिकवण आहे. पावसावरच्या पिकात दहावा हिस्सा, ओलिताच्या पिकात विसावा. म्हणजे २० क्विंटल कोरडवाहू तुरीत २ क्विंटल, ओलिताच्या तुरीत १. किती पिकापासून उश्र लागतो याबाबत इमामांत मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

उश्र जकातीच्या हक्कदारांचा. इतर धर्माच्या गरजू शेजाऱ्यासाठी नफल सदक्याचं दार उघडंच आहे. येत्या खरिपात पेरणीच्या वेळीच तुरीच्या दोन ओळी त्या नियतीने राखू या. गाडी बाजाराला निघण्याआधी ती तूर विधवेच्या, मजुराच्या घरी पोचावी. त्यांना हात पसरायला लागू नये.