मिरचीचे नाव आणि बीज

संस्कृतात मरिच म्हणजे काळी मिरी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अमेरिकेतील तिखट फळ गोव्यास आणले आणि मिरीच्या नावावरून त्यास मिरची म्हणू लागले. दिल्लीच्या ‘पुसा ज्वाला’ या वाणाचे नावही असेच प्रवासी आहे. पुसा हे बिहारातील गाव. तेथील कृषिसंस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली, दिल्लीस आली आणि गावाचे नाव तिच्या वाणांस लाभले.

बी पाहून मिरचीचा वाण ओळखता येत नाही. शेजारच्या शेतातील परागाने पुढची पिढी पालटतेही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास घरचे बी राखण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क दिला. मात्र संरक्षित वाणाचे बी व्यापारी नाममुद्रेने विकण्यास मनाई केली. अशा देवघेवीत घेणाऱ्याचा आधार देणाऱ्याचा शब्दच असतो. नागपूरकडील भिवापुरी मिरचीसारखा वाण टिकवावयाचा, तर बियाइतकीच नावाची शुद्धता जपली पाहिजे.