आसफजाही घराण्याचा दुखवटा

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान 24 फेब्रुवारी 1967 रोजी, शुक्रवारी, किंग कोठी राजवाड्यात वारले, तेव्हा त्यांच्याकडे राज्य उरले नव्हते. 1911 ते 1948 अशी 37 वर्षे त्यांनी कारभार केला. सप्टेंबर 1948च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले, 1950 ते 1956 या काळात ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते आणि मग नुसतेच निजाम राहिले. ते वारले त्याच महिन्यात देशात लोकसभेची चौथी निवडणूक पार पडली होती. मतपेटीने राज्यकर्ते ठरवणाऱ्या देशात एका माजी राजाच्या मागे हैदराबादचे रस्ते माणसांनी भरून गेले.

या घराण्याच्या सत्तेचा पाया वऱ्हाडात घातला गेला. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याजवळ 11 ऑक्टोबर 1724 रोजी घराण्याचा संस्थापक, पहिला निजाम निजामुल्मुल्क आणि मोगलांचा दख्खनचा सुभेदार मुबारिज खान यांची गाठ पडली. बादशहाची फूस मुबारिज खानाला होती आणि मराठ्यांचा कौल निजामाच्या बाजूला. मुबारिज खान लढाईत पडला, निजामाने त्याचे डोके दिल्लीला पाठवून दिले आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. ते नाव लोकांच्या तोंडी काही बसले नाही. राज्य मात्र सव्वादोनशे वर्षे टिकले.

त्या काळी राजाचा मृत्यू ही आधी दरबाराची बाब होती. वारस ठरेपर्यंत बातमी दाबून ठेवणे, खजिन्यावर पहारा बसवणे, ही कामे पहिली. रयतेचा शोक नंतरचा. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज जवळपास 42 वर्षांच्या कारकिर्दीनंतर 15 डिसेंबर 1749 रोजी गेले, त्याच्या आधीपासूनच वारसाच्या वादाने सातारा ढवळून निघाला होता. अंत्यसंस्कार संगम माहुलीला झाले आणि राणी सकवारबाई सती गेल्या. हा शोक म्हणावा की राजकारण, यावर इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. निजामुल्मुल्क त्याच्या आदल्या वर्षी बऱ्हाणपुरात वारला. त्याची कबर औरंगाबादजवळ खुलताबादला आहे.

साखरखेर्ड्याच्या वाट्याला पुढे एक चमत्कारिक स्थिती आली. 1853च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, 1902मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने दिला गेला, तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे 63 वर्षे राज्य करून राणी व्हिक्टोरिया 22 जानेवारी 1901 रोजी वारली, तेव्हा वऱ्हाडातल्या कचेऱ्यांनी दुखवटा पाळायचा तो तिचा. दहा वर्षांनी सहावे निजाम महबूब अली खान 42 वर्षांच्या कारकिर्दीनंतर गेले. वऱ्हाडचे नावापुरते धनी तेच होते, पण तिथला हुकूम नागपूरहून सुटत होता. सरकारी दुखवटा मालकीप्रमाणे चालत नाही, कचेरी ज्याची त्याच्या हुकमाने चालतो.

महबूब अलींचा लौकिक मात्र हुकमावर उभा नव्हता. सप्टेंबर 1908मध्ये मुसी नदीला महापूर आला तेव्हा बेघर झालेल्यांसाठी त्यांनी राजवाड्यांचे दरवाजे उघडले. साप चावला की त्यांचे नाव घेतले तर विष उतरते, अशी समजूत हैदराबादेत होती. राजा गेल्यावर लोक जे आठवतात ते असे असते: कारभाराचा ताळेबंद नव्हे, एखादा पूर, एखादी दंतकथा.

1967मध्ये हुकमाचा दुखवटा आणि लोकांचा शोक या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. आंध्र प्रदेश सरकारने दुखवटा जाहीर केला, दफनाच्या दिवशी कचेऱ्या बंद राहिल्या, सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर आले. झेंडा अर्ध्यावर आणायची रीत ठरलेली आहे: आधी तो पूर्ण वर चढवायचा, मग निम्म्यावर उतरवायचा, आणि संध्याकाळी काढण्यापूर्वी पुन्हा वरपर्यंत न्यायचा. हा झाला सरकारचा शोक, नियमात बसणारा. रस्त्यावरचा शोक निराळा. बायकांनी इतक्या बांगड्या फोडल्या की वाटांवर काचांचा खच पडला, असे हैदराबादेत सांगतात. जवळचे माणूस गेले की बांगड्या फोडणे ही तेलंगणातली चाल. इस्लामी धर्मशास्त्राला आक्रोश मान्य नाही. विधवेची चार महिने दहा दिवसांची मुदत सोडली तर तीन दिवसांपेक्षा जास्त दुखवटाही मान्य नाही. पण चाल मातीची असते, ती शास्त्राला विचारत नाही.

अंत्ययात्रेला कोटभर लोक लोटले, हा आकडा हौसेने सांगितला जातो. तो घ्यायला जड आहे, कारण तेव्हा सबंध आंध्र प्रदेशाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास होती. जमाव अफाट होता, एवढे पुरे. दुसऱ्या ते सहाव्या निजामांच्या कबरी मक्का मशिदीत आहेत. उस्मान अलींचे दफन मात्र किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत झाले, आईच्या कबरीजवळ.

हा शोक राज्याच्या जुन्या सीमेपर्यंत पोचला नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे 1956पर्यंत हैदराबादचाच भाग होते, पण तिथे निजाम म्हटले की उस्मानिया विद्यापीठाआधी निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार आठवतात. 17 सप्टेंबर हा तिथे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. या आठवणीलाही आधार आहे आणि हैदराबादच्या अश्रूंनाही. दवाखाना, विद्यापीठ, उस्मानसागर तलाव राजधानीला मिळाले. रझाकारांचा 1948चा छळ बऱ्याच अंशी खेड्यापाड्यांच्या वाट्याला आला. अंत्ययात्रेच्या गर्दीवरून राज्य चांगले होते असे ठरवणारा इतिहासकार म्हणूनच फसतो.

पुढे 1971च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या रद्द झाल्या. उस्मान अलींचे नातू आणि वारस मुकर्रम जाह जानेवारी 2023मध्ये इस्तंबूलला वारले. पार्थिव हैदराबादला आणून चौमहल्ला राजवाड्यात लोकांच्या दर्शनासाठी ठेवले गेले आणि 18 जानेवारीला मक्का मशिदीत दफन झाले. पदवी जाऊन 50 वर्षे उलटली होती, तरी तेलंगण सरकारने अंत्यविधी शासकीय इतमामात केला.