पॅडेलचे छप्पर: गाठ पावसाशी, दवाशी आणि वाऱ्याशी

पॅडेल या रॅकेटच्या खेळात काच ही नुसती भिंत नसते, ती खेळात उतरलेली असते. 1969 मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे एन्रिके कोर्क्युएरा यांनी घरच्या अंगणात हा खेळ सुरू केला, तेव्हापासून टप्पा पडून भिंतीवर आदळलेला चेंडूही परतवता येतो. म्हणूनच 20 बाय 10 मीटरच्या या कोर्टाला ओल्या हवेचा फटका टेनिसपेक्षा जास्त बसतो. ओल्या काचेवर पाण्याचा पातळ थर साचतो, घर्षण घटते आणि चेंडू उसळण्याऐवजी घसरतो. चेंडूचे लोकरी आवरण पाणी पिऊन जड होते, ते वेगळेच.

पाऊस नसतानाही काच भिजते. निरभ्र रात्री ती आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे टाकते, हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव जमते. छप्पर या काचेपुढचे थंड आकाश बरेचसे झाकते, त्यामुळे काच अधिक वेळ कोरडी राहते. पण चारही बाजू बंद केल्या, तर खेळाडूंच्या घामाची आणि श्वासाची वाफ आतच कोंडते आणि काच पुन्हा धुरकटते. वारा खेळता ठेवावाच लागतो.

मात्र उघड्या बाजूंनी पाऊस तिरका आत येतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने पडतो. वारा त्याच्या निम्म्या वेगाचा असला, तरी 6 मीटर उंच छपराखाली पाऊस 3 मीटर आत पोहोचतो. लॉबसाठी, म्हणजे उंच उडवलेल्या चेंडूसाठी, उंची हवीच, ती कमी करता येत नाही. म्हणून छपराच्या कडा कोर्टाच्या बऱ्याच बाहेर काढाव्या लागतात.

खरी कसोटी वादळात लागते. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्यातून दर चौरस मीटरला सुमारे 118 किलो वजनाइतका दाब निघतो. 200 चौरस मीटरच्या छपरावर तो 23 टनांच्या पुढे जातो. छपराचा आकार आणि उंची यांनुसार हा आकडा बदलतो, पण उघड्या छपराला वारा खालूनही उचलतो. त्यामुळे पाया वजन पेलणारा असून भागत नाही. तो छपराला जमिनीशी धरून ठेवणारा हवा.

मुंबई-पुण्यात पॅडेल रुजते आहे. कोर्ट बांधणाऱ्यांनी छपराच्या पत्र्याचा भाव विचारण्याआधी स्थापत्य अभियंत्याकडून पायाचे गणित करून घ्यावे. खेळाडूंची सुरक्षितता त्यावरच अवलंबून आहे.