गाडी सुरू होते, हलत नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाची गाडी भातकुलीला घरासमोर उभी राहिली ती तीन दिवस उभीच. इंजिन सुरू होत होतं, एसी गार वारा फेकत होता, गाणीसुद्धा वाजत होती. फक्त गाडी जागची हलत नव्हती. स्टिअरिंगमागे पिवळा दिवा आणि पार्किंग ब्रेक तपासून घ्या असा निरोप. "बटन दाबू दाबू अंगठा दुखला बावा, पण चाक काही सुटून नाही राह्यलं," असं त्यानं फोनवर सांगितलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी न पाहताच अंदाज देऊन टाकला होता: मागच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर मोटरसकट बदलावे लागतील, अठ्ठेचाळीस हजार रुपये, गाडी उचलून न्यायचं भाडं वेगळं.

भातकुलीच्या वाटेवर रथ थांबण्याची गोष्ट तशी जुनीच आहे. श्रीकृष्णानं कौंडिण्यपुरातून रुक्मिणीला नेलं, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी मागे धावला आणि हरला. बहिणीला परत आणल्याशिवाय घरी पाऊल टाकणार नाही असं बोलून बसलेला, त्यामुळे त्यानं वाटेतच भोजकट नगर वसवलं आणि तिथेच राहिला. ते भोजकट म्हणजे आपली भातकुली, असं इकडे मानतात. रुक्मीला त्याच्या शपथेनं अडवलं होतं. आमच्या भावाला एका स्क्रूनं.

त्या स्क्रूकडे जाण्याआधी जुना हँडब्रेक आठवा. दोन सीटच्या मधला दांडा, ओढताना येणारा कर्र-कर्र आवाज, दांड्याला बांधलेली तार आणि त्या तारेनं मागच्या चाकांचे ब्रेक आवळले जाणं. तार ढिली झाली की गॅरेजवाला खाली वाकून नटाचे दोन आटे फिरवायचा, शंभर-दोनशे रुपये घ्यायचा. आणि भातकुलीसारख्या सपाट मुलखात तेवढंही कोण करतं? गाडी गिअरमध्ये टाकायची, वाटलंच तर चाकाखाली गोटा लावायचा. हँडब्रेकची खरी आठवण यायची ती श्रावणात, चिखलदऱ्याच्या घाटात पुढची गाडी अचानक थांबली की.

नव्या गाडीत दांडा नाही, बोटाएवढा खटका आहे. मागच्या प्रत्येक चाकाच्या कॅलिपरला पाठीमागून मुठीएवढी मोटर बसवलेली असते. खटका ओढला की मोटर फिरते, आतले दातेरी गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, आणि शेवटी एक स्क्रू फिरून पिस्टनला पुढे ढकलतो. पिस्टन ब्रेकपॅडला दाबतो, पॅड डिस्कला. पॅड पुरेसा आवळला गेला हे गाडीला कसं कळतं? जोर वाढला की मोटर जास्त वीज ओढते. त्या वाढीवरून कंट्रोलर अंदाज बांधतो आणि वीज तोडतो. त्यानंतर विजेचं काम संपलं. स्क्रूचे आटे असे पाडलेले असतात की मागून कितीही दाब आला तरी तो आपणहून उलटा फिरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पार्किंग ब्रेकनं २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, भरलेली गाडी धरून ठेवली पाहिजे. ती हा स्क्रू धरून ठेवतो, रात्रभर, बॅटरीचा एक थेंबही न खाता.

गाडी बंद करून आपण घरात गेल्यावर काही मिनिटांनी मागच्या चाकांकडून पुन्हा एकदा घुर्र असा आवाज येतो, तो अनेकांनी ऐकला असेल. भूतबाधा नव्हे. तापलेली डिस्क थंड होताना आक्रसते, पकड किंचित सैल होते. म्हणून बऱ्याच गाड्या थोड्या वेळानं स्क्रूला आणखी एक फेर देतात.

बीएमडब्ल्यूनं २००१ च्या सेव्हन सीरिजमध्ये हा विजेचा ब्रेक आणला. आपल्याकडे बरीच वर्षं तो महागड्या परदेशी गाड्यांपुरता राहिला. मग २०१७ ची जीप कंपास, २०२० ची क्रेटा, २०२१ ची एक्सयूव्ही ७००, २०२२ ची नेक्सॉन ईव्ही मॅक्स, २०२४ ची एक्सयूव्ही ३एक्सओ, असा कुठे वरच्या तर कुठे मधल्या मॉडेलांतून तो खाली उतरत आला. दोन सीटमधली जागा मोकळी होते, सिग्नलवर पाय न दाबता गाडी धरून ठेवणारा ऑटो होल्ड देता येतो, आणि शोरूममध्ये दाखवायला एक बटन वाढतं. थोडक्यात, अमरावतीत घेतलेली बारा-पंधरा लाखांची गाडी आता हा ब्रेक घेऊन भातकुलीच्या, दर्यापूरच्या, अंजनगावच्या अंगणात येते. आणि अंगणात वेगळंच जग आहे.

पहिलं ऊन. अमरावती-अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास. थंडीनं बॅटरी मरते हे परदेशातलं ज्ञान. आपल्याकडे ती उन्हानं झिजते आणि पावसाळ्यात, हिवाळ्यात तोंड दाखवते. पूर्ण भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पॅड आवळताना ब्रेकची मोटर क्षणभर दहा-वीस अँपिअर ओढते. म्हातारी बॅटरी त्या क्षणी कोसळते, कंट्रोलरला व्होल्टेज कमी दिसतं, तो काम अर्धवट सोडतो आणि पडद्यावर लिहितो: पार्किंग ब्रेकमध्ये बिघाड. ब्रेक ठणठणीत असतो. म्हणून या ब्रेकचा दिवा लागला की पहिला खर्च करायचा तो बॅटरी तपासण्याचा, आणि तो बहुतेक ठिकाणी फुकट होतो. बॅटरी बदलावी लागलीच तर बहुतेक गाड्यांत पाच ते दहा हजारांत भागतं. इंजिन सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर जास्त.

दुसरं पाणी, आणि इथे भातकुलीचं म्हणून वेगळं काही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. इथलं विहिरी-बोअरचं पाणी तोंडात घालवत नाही, ते दिलं तर काळी जमीनही चोपण होते. पण गाडी धुवायला तेच. पावसाळ्यात चाकांच्या आत काळ्या मातीचा लगदा बसलेला असतो, म्हणून पाइप थेट चाकात धरून, जोराच्या धारेनं तो काढायचा. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि त्या ओलीत दोन वेगळे धातू शेजारी असले की गंज झपाट्यानं चढतो. कॅलिपरच्या मागे, चिखलाच्या माऱ्यात, मोटरची तार जिथे जोडली जाते तो कनेक्टर असतो. त्याला रबराची सील असते खरी, पण ती दोन-चार वर्षांत उन्हानं कडक होते. आतली पिन नखाएवढीसुद्धा नसते. तिच्यावर मिठाचा थर चढला की लाखोंची गाडी थांबते.

उंदरांबद्दल वऱ्हाडात नव्यानं सांगायला नको. सोयाबीनचं पोतं आणि गाडी एकाच शेडमध्ये असेल, तर बोनेटखालच्या वायरा वर्षातून एकदा तरी पाहून घ्याव्यात.

बॅटरी, पाणी, उंदीर हे झाले आपल्या अंगणातले. गॅरेजमध्ये होणारं नुकसान वेगळं, आणि महाग. मागचे पॅड झिजले की गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे जाते. जुन्या गाडीत नवा पॅड बसवण्यासाठी पिस्टन शिकंज्यानं मागे दाबायचा असतो; त्याच्या हाताला तीच सवय. विजेच्या ब्रेकमध्ये पिस्टनच्या मागे तो न फिरणारा स्क्रू उभा आहे. शिकंजा आवळला की स्क्रू मागे जात नाही, आतली यंत्रणाच मोडू शकते. त्याआधी स्कॅनर लावून ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, म्हणजे मोटर स्वतःच स्क्रू मागे खेचून घेते. काम झाल्यावर कंट्रोलरला नवा पॅड ओळखायला लावायचं. काही गाड्यांत हे स्कॅनरविना, खटका आणि पेडल ठरावीक क्रमानं दाबूनही जमतं. माझ्या एका मित्राचे तीन हजारांचे पॅड असेच वीस हजारांना पडले. मेकॅनिक प्रामाणिक होता, त्यानं अर्धे पैसे स्वतः दिले. पण त्याला हे शिकवणार कोण होतं?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधणारी यंत्रं खुल्या बाजारात स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हा आक्षेप होता. दंडाचं भांडण पुढे कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. तरी अमरावतीच्या साध्या गॅरेजमध्ये आजही बहुतेक वेळा बाजारातला स्कॅनर असतो. तो काही गाड्यांचा ब्रेक उघडतो, काहींचा नाही. मग निवड उरते ती सर्व्हिस सेंटरची, आणि तिथे पिन बदलण्यापेक्षा आख्खा कॅलिपर बदलणं सोयीचं. त्यांचीही बाजू आहे: नव्या कॅलिपरची हमी देता येते, घासून साफ केलेल्या पिनची नाही. पण गाडी न पाहता दोन्ही बाजूंचा अंदाज देणं मला तरी पटत नाही.

खर्चाचा ढोबळ अंदाज असा धरावा. स्कॅनर लावून कोड वाचायला पाचशे ते दीड हजार. वायर किंवा कनेक्टर दुरुस्तीला हजार ते चार हजार. नुसती मोटर सुटी मिळत असेल तर एका चाकामागे पाच ते पंधरा हजार. भारतीय, कोरियन गाडीचा मोटरसकट कॅलिपर बारा ते पंचवीस हजार. युरोपियन गाडीत हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचा अंदाजपत्रकाचा कागद कोणी पुढे केला तर तारीख पाहावी. गाडी वॉरंटीत असेल तर कोड लेखी मागावा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

कधी कधी चूक कारखान्यातलीच असते. २०१७ मध्ये टेस्लानं सुमारे ५३,००० गाड्या परत बोलावल्या, कारण पुरवठादाराकडून आलेल्या पार्किंग ब्रेकमधला छोटा गिअर तुटू शकत होता. आवळलेला ब्रेक मग सुटणार नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी होंडानं अमेरिकेत सुमारे साडेतीन लाख सिव्हिक परत बोलावल्या. इंजिन बंद केल्या केल्या खटका ओढला तर ब्रेक लागतच नसे. तिथे पाना लागला नाही, सॉफ्टवेअर बदललं. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. मोठा खर्च करण्याआधी आपल्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात.

चाक अडकलंच तर एक गोष्ट करू नये: ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नये. आमच्या भावानं तयारी केली होती, शेजारचा ट्रॅक्टर आलाही होता. अडकलेलं चाक फरफटत गेलं की टायर घासून सपाट होतो, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सही जातो. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. आणि बॅटरी पूर्ण उतरली असेल तर दुसऱ्या बॅटरीचा जम्प देऊन, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून खटका दाबावा. तेवढ्यानं न सुटणाऱ्या चाकासाठी जाणता माणूस कॅलिपरवरची मोटर काढून आतला स्क्रू पान्यानं हातानं उलटा फिरवतो. त्याआधी मात्र चाकाखाली गोटा हवाच.

चौथ्या दिवशी अमरावतीहून एक ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा मोटरसायकलवर आले. थैलीत तळहाताएवढा स्कॅनर. बॅटरी मोजली, १२.५. कोड वाचला: मागची डावी मोटर, सर्किट तुटलेलं. उजवं चाक सुटत होतं, डाव्यानं गाडी धरून ठेवली होती. जॅक लावून चाक काढलं, कनेक्टर ओढला, तर आत हिरवट-पांढरी पूड. चाचांनी बोट लावून ती जिभेपाशी नेली आणि हसले. "साहेब, ब्रेक चांगला हाय. तुमचं पाणी खराब हाय." पिन कापून नवी बसवली, ग्रीस भरलं, सील बदलली. भावानं पेडल दाबून खटका दाबला. घुर्र. येण्या-जाण्यासकट बाविसशे रुपये.

दुसऱ्यांदा हे होऊ नये म्हणून भाऊ आता गाडी नळाच्या गोड्या पाण्यानं धुतो, दोन बादल्यांत, फडकं मारून. वर एक फेरी मारून ब्रेक वाळवतो. नळ रोज येत नाही. परवा गेलो तेव्हा मामी ओट्यावर उभी राहून बादलीकडे पाहत होती. "प्याचं पाणी गाडीले टाकून राह्यला," ती मला म्हणाली, "अन् मी डाळ कायच्यात शिजवू?"